वह्यांना लावलेलं एरंडेल

दादा गेला त्या वर्षीच्या थंडीत आमच्या कॉलेजात आठवडाभर व्याख्यानं, प्रदर्शन आणि शिबिर असं सगळं एकत्र भरलं होतं. त्या आठवड्याबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात आहे. पण लिहायला बसलं की आधी दादाच्या तापाचे नऊ दिवस समोर येतात आणि हात थांबतो. आज ते नऊ दिवस बाजूला ठेवून पुढे जाते.

आमचं घर दिग्रसला. मी यवतमाळला मावशीकडे राहून बी.ए. करत होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लागली, की विद्यापीठाकडून वक्ते येणार, हॉलमध्ये जुन्या-नव्या लेखनाचं प्रदर्शन मांडणार, आणि पुस्तकं व कागद कसे जपावेत याचं तीन दिवसांचं शिबिर होणार. खाली प्राचार्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली होती: विद्यार्थ्यांच्या घरच्या मंडळींनीही अवश्य यावे. ती ओळ वाचून मुली हसल्या होत्या. घरच्या मंडळींनी कॉलेजात यायचं म्हणजे फी भरायला किंवा तक्रार ऐकायला, एवढंच आम्हाला ठाऊक.

नोटीस वाचत असतानाच मराठीचे प्राध्यापक मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या भावानं मला वह्या द्यायचं कबूल केलं होतं. त्यांच्यासाठी एक टेबल राखून ठेवलंय. आणाल ना?"

मी मान हलवली.

दादा पांढरकवड्याकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, शाळामास्तर होता. पहिल्या वर्षी त्याची मुलं वर्गात नुसती बसून राहात. पुस्तकात पाणी, घर, विस्तव असे सोपे शब्द, पण त्यांच्या घरात पाण्याला ईर म्हणत, घराला एल्ला, विस्तवाला किस. मग दादानं एक सौदा केला. मुलांनी त्याला एक शब्द शिकवायचा, त्यानं त्यांना एक. शिकलेला शब्द तो वहीत लिहून ठेवी. पाच वर्षांत चार वह्या भरल्या. सुटीत घरी आला की ओसरीवर बसून त्या वाची आणि मधेच एकटाच हसे. त्यांची नक्कल कुठेही नव्हती. चार वह्या, बस. त्याच्या हातचं तेवढंच मागे राहिलं होतं.

शनिवारी दुपारच्या बसनं मी दिग्रसला गेले. वहिनीला सांगितलं तसा तिचा चेहरा उजळला. चार महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. आतल्या खोलीतून तिनं पत्र्याची पेटी ओढत आणली, स्वच्छ धुतलेलं जुनं लुगडं उलगडलं आणि वह्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

आधी वास आला. मग बोटांना चिकटपणा लागला. मी पहिली वही उघडली. पान तेलकट कागदासारखं पिवळं आणि पारदर्शक झालं होतं. खालच्या पानावरचे शब्द वरच्या पानातून दिसत होते, त्याच्याही खालचे त्यातून. ओळींवर ओळी चढल्या होत्या. काहीही वाचता येत नव्हतं.

"हे काय झालं, वयनी?"

"एरंडीचं तेल लावलं," ती समाधानानं म्हणाली. "दाळीले लावतो न आपण, तसं. पानंपान लावलं, बाई. चार दिस लागले मले. आता किडा काय, उधई बी शिवत नाई."

आमच्याकडे तुरीची डाळ भरडून झाली की वर्षभराच्या साठवणीला एरंडेल चोळतात. डाळ टिकते, तेलाचा हात फिरला की पोरकिडे लागत नाहीत. वहिनीचा हात त्या कामात गावात नावाजलेला होता. तिला अक्षर येत नव्हतं. जे जपायचं त्याला तेल लावायचं, हे मात्र येत होतं.

हे सगळं मला आज समजतं. त्या दिवशी मी म्हणाले, "तो एकदा गेला होता वयनी. तू त्याले दुसऱ्यांदा घालवलं."

ती लुगड्याची घडी घालत राहिली, घातलेली घडी मोडून पुन्हा घालत राहिली. आईनं स्वयंपाकघरातून मला हाक मारली आणि मी गेले नाही. त्या संध्याकाळी घरात कोणी जेवलं नाही.

सकाळी मी पिशवी भरून निघाले, तर वहिनी अंगावर शाल घेऊन दारात उभी. "मी बी येतो," ती म्हणाली. "तिथं कागद जपाचं शिकवणारा माणूस येऊन राह्यला म्हणते न तू? त्याले मले इचारू दे."

वर्ष व्हायच्या आत विधवेनं गाव सोडून कुठं जायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. तरी आईनं शिदोरीचं फडकं तिच्या हातात दिलं. शेजारच्या काकू मात्र अंगणातूनच बोलल्या, "काय वो, वरीस नाई झालं अन् पदर्शन पाहाले चालली?"

"पाहाले नाई, काकू," वहिनी चालता चालता म्हणाली. "दाखवाले चालली. माह्या हाताचा गुण."

बसमध्ये ती खिडकीशी बसली, वह्या मांडीवर. मी यवतमाळ येईपर्यंत पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसले.

सोमवारी सकाळी शिबिर सुरू झालं. कॉलेजच्या ग्रंथालयात लांब टेबलं मांडली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ हातात मऊ कुंचला घेऊन पुस्तकाच्या कडेची धूळ कशी झाडायची ते दाखवत होते. टेबलांभोवती विद्यार्थी, दोन-तीन शिक्षक, गावातले काही वकील. बायका आम्ही चौघी-पाचजणीच. दारात वहिनीनं चपला काढल्या. बाकी सगळे चपला घालूनच आत होते. मी मागच्या भिंतीशी जागा धरली. इतक्या लोकांसमोर त्या वह्या काढायची मला लाज वाटत होती. ठरवलं, दुपारी गर्दी पांगली की विचारू.

वहिनीनं दुपारची वाट पाहिली नाही. ती सरळ पुढे गेली आणि गाठोडं त्या गृहस्थांसमोर ठेवलं.

"हे माह्या हातानं खराब झालं. सुधरते का, सांगा. नाई सुधरत तं तेबी सांगा."

त्यांनी वही उचलून नाकाशी नेली. "एरंडेल?"

"हो जी. दाळीले लावतो तसं."

ग्रंथालयभर हशा पिकला. मागून एक मुलगा म्हणाला, "फोडणी बाकी हाये!" आणि पुन्हा हसू उठलं. ते गृहस्थ मात्र हसले नाहीत. वही उघडून त्यांनी एक पान दोन बोटांत धरलं, खिडकीच्या उजेडाकडे नेलं, मग पानाखाली पांढरा कोरा कागद सरकवला. ते पान एकटं पडलं, तसे त्यावरचे शब्द धूसर का होईना, दिसायला लागले. त्यांनी दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. मी कधी भिंत सोडून टेबलाशी आले ते मला कळलं नाही.

"लिहिलंय कशानं?"

"पेन्सिलीनं," मी म्हणाले. "पोडावर मुलं दौत सांडायची, म्हणून."

"आणि एकाच बाजूला लिहिलंय."

"समोरची बाजू मुलांसाठी कोरी ठेवायचा. चुकलं तर त्यांनी सुधारावं म्हणून."

त्यांनी वही खाली ठेवली. "शाई असती तर फुटून पसरली असती. जवसाचं तेल असतं तर वाळून चिकटलं असतं, पानं सुटलीच नसती. एरंडेल वाळत नाही. पेन्सिल तेलात विरत नाही." मग वहिनीकडे पाहून म्हणाले, "लावलं कशानं? बोटांनी?"

"कापसाच्या बोळ्यानं. हलक्या हातानं. अक्षर पुसन म्हणून भेव वाटे."

"म्हणून वाचलं," ते म्हणाले. "बरंच निघेल. पण कागद पहिल्यासारखा होणार नाही, तो पिवळा राहील."

"राहू द्या," वहिनी म्हणाली.

त्यांनी काय सांगितलं ते मला अजून पाठ आहे. पानाच्या दोन्ही बाजूंना मुलतानी माती भुरभुरायची, चोळायची नाही. वर-खाली टीपकागद. त्यावरून कोळशाची इस्त्री, इतकी कोमट की हाताच्या पालथ्या बाजूला सोसवेल. माती तेल ओढून घेते. ती झटकायची आणि पुन्हा नवी घालायची. एका पानाला चार-पाच वेळा.

मुलतानी माती बाजारातल्या अत्तराच्या दुकानात मिळाली. दुकानदार चाचांनी विचारलं, लग्न कोणाचं आहे, इतकी माती कशाला? वहिनीनं सांगितलं, वह्यांना लावायची आहे. चाचांनी तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आणखी एक मूठ पुडीत टाकली.

प्रयोगासाठी शेवटच्या वहीचं शेवटचं कोरं पान घेतलं. ते निभावलं. मग पहिल्या वहीचं पहिलं पान. इस्त्री माझ्या हातात होती, माती वहिनीच्या. तिची चिमूट चाळणीसारखी चाले, माती कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. ते गृहस्थ दोन मुलांना बोलावून म्हणाले, "हे हात बघा. तुम्ही रांगोळीसुद्धा काढली नसेल कधी." सकाळी फोडणीचं बोलणारा मुलगा त्यात होता. तो मुकाट्यानं कोळसे फुंकायला बसला, आणि तीन दिवस त्यानं ते काम सोडलं नाही.

चौथ्या वेळी टीपकागद उचलला. पान पिवळं होतं, पण त्यातून खालचं काही दिसत नव्हतं. दादाचं अक्षर उजवीकडे जरा झुकलेलं, प्रत्येक शब्दापुढे आडवी रेघ, रेघेपुढे अर्थ. पहिलाच शब्द ईर. मी तो मोठ्यानं वाचला. आणि मग चार महिने जे झालं नव्हतं ते झालं. मी रडायला लागले. स्मशानातून माणसं परतली तेव्हा मी रडले नव्हते, तेराव्याला रडले नव्हते.

"सरक, सरक तिकडं!" वहिनी ओरडली. "पाणी पडन न वहीवर! आताच तेल काढून राह्यलो अन् तू पाणी घालते का?"

सगळे हसले. मीही हसले, डोळे पुसत. पदर डोळ्याला लावून मी तिला म्हणाले, "परवा मी जे बोलली, वयनी..."

"बोलली त बोलली. इस्त्री थंडी होऊन राह्यली."

दुसऱ्या दिवसापासून शिबिरातली बाकीची मुलंही इस्त्र्या घेऊन हाताशी आली, आणि तीन दिवसांत चारही वह्या झाल्या. तिसरीतलं एक पान गेलंच, तिथे बोळा जोरात फिरला होता. त्या पानाशी वहिनी बराच वेळ बसून राहिली. पण तेवढंच. आणखी एक गोष्ट त्या गृहस्थांनी सर्वांना दाखवली. प्रदर्शनासाठी गावातून आलेल्या कितीतरी पोथ्यांना कसरीनं आरपार भोकं पाडली होती. दादाच्या वह्यांत एकही भोक नव्हतं. "उपाय चुकीचा," ते म्हणाले, "पण किडा आला नाही हे कबूल करावं लागेल."

गुरुवारी प्रदर्शन उघडलं. प्राध्यापकांनी राखलेल्या टेबलावर चार वह्या मांडल्या. वहिनी टेबलाशेजारी उभी राहिली. येणारा प्रत्येकजण पिवळेपणाबद्दल विचारी आणि ती न चुकता सांगे, "तेल मीच लावलं होतं." सांगताना तिची मान खाली जात नव्हती. लोक वाकून शब्द वाचत, एकमेकांना म्हणून दाखवत. दुपारपर्यंत कॉलेजातली पोरं माठाशी जाऊन एकमेकांकडे ईर मागायला लागली होती.

संध्याकाळी प्राध्यापकांनी वह्या नक्कल करून घेण्यासाठी महिनाभर ठेवून घेण्याची परवानगी मागितली. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तू सांग." तिनं वह्यांवर हात ठेवला. मग म्हणाली, "ठेवा. मले वाटे, आता हे माणूस पुरतं गेलं. नाई गेलं." आणि वह्यांवरचा हात तिनं उचलला.

वहिनीच्या दिग्रसच्या बसला अजून वेळ होता. आम्ही कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलो. मावशीनं सकाळी बांधून दिलेली ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा तसाच होता, तीन वेळा फडकं उघडून बंद केलेलं. वहिनीनं भाकर मोडली आणि मोठा तुकडा माझ्या हातात दिला. मी तो खाल्ला आणि आणखी मागितला.