हळदीकुंकवाचं बोट

नेसलेल्या साड्या विकण्यात एवढी मजा असते हे आधी कळलं असतं, तर कितीतरी चांगल्या साड्या बोहारणीला देऊन मी घरात पातेल्यांचं दुकान मांडलं नसतं.

नाद लावला मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी. सकाळच्या उन्हात बाल्कनीतल्या दोरीवर साडी टाकायची, फोटो काढायचा, खाली किंमत लिहून स्टेटसला ठेवायचा. आमच्या जुळे सोलापूर भागात अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत कुणीतरी स्कूटीवरून यायची, दारातच पदर उलगडून बघायची आणि "थोडं कमी करा की" म्हणायची. मी करत नसे. खोटं कशाला बोलू, पगाराच्या दिवशी होत नाही एवढा आनंद मला त्या चारपाचशे रुपयांचा व्हायचा. आम्ही दोघंही नोकरी करतो, घराचे हप्ते फिटलेत. पैसा नको होता. आपण टाकलेली वस्तू दुसरीला हवीशी वाटते, याचंच सुख होतं.

नेसलेल्या संपल्या तशी माझी नजर खालच्या कप्प्यावर गेली. तिथे माहेरच्या साड्या होत्या, घडीही न मोडलेल्या.

माझा धाकटा भाऊ माळशिरसजवळ आमच्या गावी शेती करतो. भाऊबीजेला ओवाळल्यावर तो ताटात साडी घालतो, पण ती घेते वहिनी, अकलूजला जाऊन, दुधाच्या तिच्या स्वतःच्या पैशातून. साडी वेशीवरून दिसली पाहिजे असा तिचा हिशेब असावा. शेवटची तर पोपटी, काठ जांभळे, आणि पदरावर हे एवढाले मोर. ती नेसून वर्गात गेले असते तर पोरांनी फळ्याकडे बघायचंच सोडलं असतं. मी दरवर्षी "किती गोड रंग!" म्हणायचे आणि घरी आले की साडीला खालचा कप्पा दाखवायचे.

त्यातल्या चार मी विकल्या. पाचवी आणि शेवटची ही मोरांची.

साडी देताना आमच्याकडे तिच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावतात. वहिनी ते चांगलं ठसठशीत लावते. फोटो काढताना तो कोपरा मी मुद्दाम पुढे घेतला आणि खाली लिहिलं, "एकदाही नेसलेली नाही. हळदीकुंकवाचं बोटसुद्धा तसंच आहे." नवी असल्याचा यापेक्षा भक्कम पुरावा कोणता? माझ्या अकलेवर मीच खूश झाले. तासाभरात साडी गेली.

भावाचा आणि वहिनीचा नंबर स्टेटसमधून वगळण्याइतकी हुशारी माझ्याकडे होती. पण त्यांच्या मुलीने नुकताच कॉलेजसाठी मोबाईल घेतला होता, आणि आत्याने भाचीचा नंबर कौतुकाने सेव्ह केला होता. तो वगळायचा राहिला.

चौथ्या दिवशी, रविवारी, वहिनी दारात. एकटी. न कळवता. हातात दोन जड पिशव्या: ज्वारी, शेंगा, तुपाची बरणी. अंगावर मीच तिला दिलेली साडी होती. मला कुणीतरी आहेरात दिलेली, मी तशीच तिच्याकडे ढकललेली. धुऊन धुऊन तिचे काठ विरले होते.

माझे मिस्टर बाहेरच्या खोलीत होते. मी चहा टाकायला आत गेले. मग ती स्वयंपाकघरात आली आणि दार पुढं ओढून घेतलं.

"वन्सं, येक इचारू? दाजींची नोकरी हाय न्हवं?"

"आहे की. का हो?"

"मग काय दुखण्याबिखण्याचं हाय का? पोरीनं मला ते फोटू दावलं." तिने माझा हात धरला. "आंगावरच्या साड्या इकायची पाळी आली आन् तुमी आमाला बोलला न्हाय. माहेर कशाला आसतंय मग? ह्यांना मी काय सांगितलं न्हाय. पोरीला बी दम दिलाय."

फोटोचं नाव निघताच मी भांडणाची तयारी केली होती. ती रागावली असती तर मी उलट बोलले असते, तेवढी तिखट जीभ देवाने मला दिली आहे. पण ती रागावली नव्हती. तिने विचारलंच नाही की माझी साडी का विकलीत. तिच्या डोक्यात एकच कारण बसलं होतं: नड असल्याशिवाय कुणी माहेरचं लेणं बाजारात मांडत नाही.

आता मला एवढंच सांगायचं होतं की वहिनी, आमचं सगळं ठीक आहे, तुमची साडी मला आवडली नाही. साधी दोन वाक्यं. रोज पोरांना "खरं बोला" शिकवणाऱ्या बाईला ती बोलता आली नाहीत.

"हो, जरा ओढाताण चाललीय," मी म्हणाले.

तिने डोळे पुसले. माझे कोरडेच होते. जाताना ती बसच्या भाड्यापुरते ठेवून उरलेले पैसे पिठाच्या डब्याखाली सरकवून गेली. ते मला रात्री भाकरीसाठी डबा उचलताना सापडले. मिस्टर म्हणाले, "एवढी ज्वारी कशाला आणली त्यांनी?" मी म्हटलं, सहज. त्यांनाही मी खरं सांगितलं नाही. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि गंमत म्हणजे ती झाकायला मी आणखी एक लाजिरवाणी गोष्ट करत होते.

दिवाळीला जायच्या आधी मी ठरवलं, यंदा साडी कशीही असो, तिथल्या तिथे नेसायची आणि वहिनीला सगळं सांगून टाकायचं.

भाऊबीजेला भावाला ओवाळलं. त्याने ताटात पाकीट ठेवलं. साडी नव्हती. मी वहिनीकडे बघितलं तर ती डोळ्यांनीच "घ्या" म्हणाली. नंतर चुलीपाशी हळूच कानाशी आली.

"औंदा साडी न्हाय घेतली, वन्सं. रोख आसलं की उपेगी पडतंय."

पाकिटाच्या कोपऱ्याला तिने हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं.

ठरवलेलं मी तेव्हाही सांगितलं नाही. ते पाकीट अजून फोडलेलं नाही. खालच्या कप्प्यात ठेवलंय. तिथे आता दुसरं काहीच नाही.