नाडीचा करकोचा

आंघोळ झाली की व्रणावर लावायची सिलिकॉनची पट्टी धुऊन मी आरशाला चिकटवते. ती वाळेपर्यंत पोटावरच्या व्रणाला मलम लावून बोटाने हलकं चोळत राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. व्रण या कुशीपासून त्या कुशीपर्यंत जातो.

बाळंतपणांनी सुटलेलं पोट सपाट व्हावं म्हणून ऑपरेशन मीच हट्टाने करून घेतलं. कापलेल्या कातडीबरोबर बाळंतपणाच्या रेघा गेल्या, त्याचं काही वाटलं नाही. पण परकराच्या नाडीचा काळा करकोचाही गेला. तसाच आईच्या पोटावर होता. तिला शेवटची आंघोळ घालताना मी त्यावरून हात फिरवला होता. तो पडायला किती वर्षं साडी नेसावी लागते, आणि माझा एका सकाळीत गेला. आता नाडी व्रणाला घासते, म्हणून वर बांधते. निऱ्या बसत नाहीत.

काल नवऱ्याला विचारलं, "व्रण थोडा फिकट झालाय का हो?"

"साडीच्या आत कोण बघतंय," मोबाइलवरून नजर न काढता ते म्हणाले.

त्यांनी बघावं, एवढ्यासाठीच तर होतं सगळं.

पट्टी वाळली. मलम पुसून, एकही सुरकुती पडू न देता मी ती नीट लावते, आणि वरून साडी नेसते.