खारोड्यांतलं मीठ

बाजरीच्या खारोड्या, म्हणजे उन्हात वाळवलेले सांडगे, घरी करून विकायच्या म्हणून पत्नीच्या नावाने नोंदणी केली, तेव्हा आर्णीतल्या सेवा केंद्रात बसून अर्ज मीच भरला. घरी येऊन नियम तिला वाचून दाखवले. डोके झाकावे, नखे कापावीत, पाकिटावर तारीख घालावी. बाजरी पाखडता पाखडता ती म्हणाली, "हे त मले सासूबाईनं फुकटात शिकवलं. अर्ज नव्हता भरला त्याईनं."

तिचा स्वतःचा एक नियम त्या कागदात नव्हता. विकायचे ते आधी चाखायचे नाही, नैवेद्यासारखेच. "ज्याच्यासाठी केलं त्यानं पयला घास खावा. आपण चाखलं का उष्टं झालं." शिजत्या घाट्यात, बाजरीच्या त्या दाट लापशीत, ती मुठीने मीठ घाली. पुरले की नाही, ते वाफेच्या वासावरून कळते म्हणे. मला कधी कळले नाही, पण तिची चूकही कधी निघाली नाही.

पुढे ती आजारी पडली. आजारपण लांबले तशी ती विसरू लागली. एकदा पलीकडच्या गल्लीतली बाई मला बाजारात भेटली. नेहमीचे गिऱ्हाईक. "काका, औंदा खारोड्यात मीठच नाही. काकूले सांगू नोका पण." मी सांगितले नाही. सांगितले असते तर तिने चूल बंद केली असती, आणि मग तिच्या दिवसाला काय उरले असते?

पुढच्या खेपेला ती गच्चीवर कापड अंथरायला गेली, तेव्हा मी पातेल्यातला चमचाभर घाटा चाखला. अळणी होता. मीठ घातले, ढवळले, चमचा धुऊन जागेवर ठेवला. मग दर वेळी तेच.

एकदा तिला वर फार वेळ लागला. मी चमचा हातात धरून उभा असताना जिन्यातून आवाज आला, "झालं का तुमचं? येऊ का खाली?"

खाली येऊन तिने घाट्याकडे पाहिले, माझ्याकडे नाही. "एक कापड अंथरायले किती वेळ लावू मी? पाय दुखून राह्यले."

त्या तिच्या शेवटच्या खारोड्या.

यंदा उन्हाळ्यात त्याच बाईने खारोड्यांचे विचारले. नोंदणी पत्नीच्या नावावर होती, आता ती नाही, असे मी म्हणालो. नंतर घरापुरता घाटा शिजवला. विकायचा नव्हता, तरी चाखला नाही. तसाच गच्चीवर नेला आणि खारोड्या घातल्या.