काळेकाकांचा ळ

काळेकाका ट्रामच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचायचे ते मान उजवीकडे कलती करून. एकोणीसशे सत्तरच्या आसपास बँकेने माझी बदली कलकत्त्याला केली आणि तिथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते भेटले, तेव्हा मला वाटलं, यांची मान अवघडली आहे. "अवघडली नाही हो, कामाला लागलीय," ते म्हणाले. जन्म कलकत्त्याचाच, नोकरी छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यात. तिथे ते नव्या अक्षरांची वळणं काढत.

तेव्हा हिंदी जाहिरातींसाठी ते एक नवं अक्षरवळण घडवत होते: ठसठशीत, अंग चोरून उभं आणि उजवीकडे झुकलेलं. केशतेलाची अख्खी महती अरुंद पट्टीत मावावी आणि घाईतल्या माणसालाही दिसावी, ही मालकांची अट. एका सकाळी काका मला सियालदह स्टेशनवर घेऊन गेले. नमुन्याचा कागद खांबाला चिकटवला आणि आम्ही चहा पीत लोकलमधून उतरणारी गर्दी बघत राहिलो. थांबलं कुणीच नाही, पण माना वळत होत्या. काका खूश. मी म्हटलं, "मग मंडळाचं मासिकही यातच छापू."

"भलतंच! हे अक्षर हाक मारायला, गप्पा मारायला नाही. पानभर हाका मारल्यात तर माणूस दार लावून घेईल."

या अक्षरांत ळ मात्र नव्हता. हिंदीचं त्याच्यावाचून अडत नाही आणि बंगालीत तो नाहीच. आमच्या पत्रकांवर 'मंडल' छापून येई आणि काका 'काले'. माझी लेक सुमीही त्यांना 'कालेकाका' म्हणे. बंगाली मैत्रिणींत वाढलेल्या तिच्या जिभेवर ळ बसतच नव्हता. मला ते फार लागायचं, आणि माझ्यापेक्षा काकांना. ते मालकांकडे ळ मागत. मालक घोषबाबू हसून म्हणत, "ए अक्षर के किनबे, कालेबाबू?" विकत घेणार कोण, हा प्रश्न काही खोटा नव्हता.

निवृत्तीच्या वेळी घोषबाबूंनी विचारलं, शाल हवी की घड्याळ? काका म्हणाले, "ळ द्या."

घोषबाबूंनी हात टेकले आणि होकार दिला. आता काका पुरते हट्टाला पेटले. दाटीवाटीत त्या ळची दोन्ही पोटं शाईने बुजत, आणि झुकवला की तो कोलमडल्यासारखा दिसे. शेवटी त्यांनी त्याला जागा जरा जास्त दिली आणि वाकवलं कमी. "बाकीच्यांत शोभेल का?" मी विचारलं.

"सगळ्यांना एकाच मापाने वाकवू नये. ओळीत उभा राहिला, पुष्कळ झालं."

पुढच्या गणपतीचं पत्रक घेऊन काका स्वतः घरी आले. वर 'मंडळ', खाली आरतीच्या मानकऱ्यांत 'श्री. काळे'. सुमीने ळवर बोट ठेवलं. "हे काय?"

"जीभ उलटी करून टाळूला लाव, आणि सोड."

सुमी बराच वेळ 'काले, काले' करत राहिली. आम्ही नाद सोडून चहाकडे वळलो, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "काळेकाका!"

काका हातातला कप तसाच ठेवून उठले आणि गल्लीतून कुणी हाक मारावी तशी त्यांनी मोठ्याने ओ दिली.