बांधावरची पीएच.डी.

आमचं शेत धसई गावाच्या अलीकडे. भात काढून झालं की तिथे करण्यासारखं काही उरायचं नाही. मग वडील वीटभट्टीवर जायचे, आई भाजीची पाटी घेऊन बाजारात, आणि आम्ही भावंडं पेज पिऊन शाळेत. घरात वीज होती. म्हणजे भिंतीवर मीटर होता. बल्ब टोमॅटोसारखा लाल पेटायचा. त्या उजेडात पुस्तक सापडायचं, वाचता यायचं नाही.

शहापूरला मावशीकडे राहून मी बारावी केली, पुढे इलेक्ट्रिकलची इंजिनिअर झाले. घरातली पहिली पदवी. काकांनी विचारलं, "आता खांबावर चढशील ना गो?"

"नाय काका, आता पीएच.डी. करणार."

"म्हंजे अजून शिकाचं बाकीच हाय? पयल्या खेपेला नीट शिकवलं नाय काय त्यांनी?"

माझा विषय होता काचेवर चढवलेला एका पदार्थाचा अतिशय पातळ थर. तो विद्युतलहरी किती शोषतो, ते शोधायचं. विषय अर्धा इलेक्ट्रिकलचा, अर्धा भौतिकशास्त्राचा, म्हणून मार्गदर्शक दोन. भौतिकशास्त्राचे सर मला वायरमन समजायचे, इलेक्ट्रिकलचे सर तत्त्वज्ञ. चहाच्या वेळी दोन्ही विभागांना वाटायचं, ही तिकडे प्यायली असेल.

आमच्याकडे दोन शेतांमधला बांध एरवी कुणाचाच नसतो, गवत कापायच्या वेळी मात्र दोघांचा होतो. माझंही तेच. शोधनिबंध छापून आला की मी दोघांची विद्यार्थिनी; यंत्र बिघडलं की समोरच्या विभागाची.

शिष्यवृत्ती संपत आली आणि शेवटचं प्रकरण अडकलं. ते मंजूर झालं नाही तर पदवी नाही. शहापूरच्या एखाद्या क्लासात दहावीची गणितं शिकवायची. अडचण अशी, की माझ्या आलेखात तो थर लहरी शोषतच नव्हता, उलट वाढवून परत देत होता. वीज न जोडता! असा थर खरंच असता तर आधी आमच्या घरातला बल्ब सुधारला असता.

भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "हा नवा शोध आहे."

इलेक्ट्रिकलचे सर म्हणाले, "हा त्यांच्या प्रोग्रॅमचा कचरा आहे."

दोघांनी आपापला भाग तपासून सही केली होती. दोन भाग जिथे जुळतात तो सांधा कुणीच पाहिला नव्हता. तो मी पाहिला. मोजमाप इलेक्ट्रिकलच्या यंत्रावर झालं होतं, गणित भौतिकशास्त्राच्या प्रोग्रॅमवर. एकच लहर लिहिताना एक विभाग अधिक चिन्ह धरतो, दुसरा वजा. दोन्ही बरोबर, पण एकत्र केली की शोषण उलटं होऊन बसतं.

दोन्ही सरांना मी पहिल्यांदाच एका खोलीत बसवलं आणि हे दाखवलं.

"मग यांनी बदलावं चिन्ह," भौतिकशास्त्राचे सर म्हणाले.

"का म्हणून? लहर काय तुमच्या विभागात जन्मली?"

"आमच्याकडे आधीपासून वजाच आहे."

"मग यंत्रही तुमचंच वापरायचं होतंत!"

चहावर साय धरली तरी चालूच. शेवटी माझ्या तोंडून घरची बोली निसटली. "सर, त्या थराला तुमा दोघांचं कायपण पडलेलं नाय. मी सगळं अधिक चिन्हात लिहिते आणि प्रकरणाच्या सुरुवातीला तसं सांगते. ज्यांना वजा पाहिजे, त्यांनी घरी जाऊन उलटं करावं."

इलेक्ट्रिकलचे सर निवडणूक जिंकल्यासारखे हसले. भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "ठीक आहे. पण शोधनिबंधात निदान माझं नाव आधी टाक."

टाकलं. गणित पुन्हा केलं, तर थर मुकाट्याने लहरी शोषू लागला. नवा शोध मेला, प्रकरण जगलं. दोघांनी सह्या केल्या.

तोंडी परीक्षा झाली, प्रबंध मंजूर झाला. आमच्या घरातली पहिली पदवी माझी होती, पहिली पीएच.डी.सुद्धा माझीच.