म्हातारी गेली

हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या बुवा. पुढं जमेल की नाही, मला सांगता येत नाही. मी स्वतः तर भलत्याच वेळी हसलो!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीला विश्रामबागेत एका कॉलेजात मी शिकवत होतो आणि पीएच.डी.च्या मागं लागलो होतो. विषय काय? तर खेड्यातली माणसं यंत्र कसं हाताळतात! आता हसा की.

त्यासाठी आष्ट्याजवळच्या एका गावात मी चावडीच्या खोलीत माईक बसवला आणि दोन कर्णे गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मळ्यांकडं तोंड करून टांगले. गावानं आपल्या सूचना आपणच द्यायच्या. माईकचं बटण फळीवर बसवलं होतं. वर 'चालू', खाली 'बंद', असं मी स्वतः रंगवलं होतं. लोक काय बोलतात ते टिपायला कॉलेजचा टेपरेकॉर्डर होता. इतका जुना, इतका कण्हणारा, की मी आणि माझा सहकारी वसंता त्याला 'म्हातारी' म्हणायचो.

घोटाळा एवढाच, की गावातही एक 'म्हातारी' होती. सोनाबाई. गावात म्हाताऱ्या पुष्कळ, पण नुसतं 'म्हातारी' म्हटलं की सोनाबाईच. तिचा धाकटा लेक दादू घरचा ऊस बघायचा. थोरला हणमंत फौजेत, लांब सरहद्दीवर. म्हातारी तेव्हा तापानं अंथरुणाला खिळलेली.

एका दुपारी मी बटण खोलून साफ केलं आणि परत बसवलं. उलटं! म्हणजे 'बंद' केलं की चालू. आणि नेमका त्याच वेळी टेपरेकॉर्डरनं राम म्हटला. मी माईक 'बंद' केला आणि कपाळाला हात लावला.

"वसंता, म्हातारी गेली रे."

"अरेरे! सकाळी तर चांगली बोलत होती!"

"वयच झालं होतं. आता सांगलीला नेण्यात काही अर्थ नाही."

"मग काय करायचं?"

"पोत्यात गुंडाळ आणि टाक कोपऱ्यात!"

लांब कुठंतरी आवाज घुमल्यासारखा वाटला. मी लक्ष दिलं नाही. पीएच.डी. करणारा माणूस असल्या गोष्टींकडं लक्ष देतो होय?

थोड्या वेळानं दार धाडकन उघडलं. दादू! गुडघ्यापर्यंत चिखल, हातात खोरं, डोळ्यांतून धारा.

"मास्तर, आई कवा गेली वो? आन् तुमाला कुनी सांगितलं? आन् पोत्यात कशापायी?"

मी तोंड उघडेपर्यंत गडी घराकडं पळालासुद्धा. आम्ही त्याच्या मागं. गल्लीत बायांनी गळे काढलेले. आत म्हातारी गोधडीत झोपलेली. कालव्यानं तिला जाग आली, उठून बसली.

"कोन गेलं गं?"

कुणी सांगेना. तशी तिनंही मोठ्यानं रडायला सुरुवात केली! कोण गेलं ते नंतर कळेल, आधी रडून घेऊ!

मी हात जोडून सगळा उलगडा केला. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसलो. तासाभरानंही हसणं चालूच होतं, तेवढ्यात दादूचा चुलतभाऊ सायकल ढकलत आला, घामाघूम.

"हनमाला तार करून आलो गड्या आष्ट्यास्नं. 'आई वारली, निघून ये.'"

मग धावत जाऊन दुसरी तार केली, 'आई बरी आहे.' पण ती पोचली तोवर हणमंत गाडीत बसला होता.

तो आला तेव्हा म्हातारी दारात भाकरीचा तुकडा मोडत बसली होती. त्यानं ट्रंक खाली टाकली आणि मटकन बसला.

"आगं आये, आख्ख्या वाटंत पानी प्यालो न्हाई गं."

म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "मेल्यावरच येनार हुतास व्हय रं?"

 मग तो माझ्याकडं वळला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"वरसाची रजा गेली, मास्तर. आता सुगीला येता यायचं न्हाई."

गावानं मात्र ते सगळं हसण्यावारी नेलं. आष्ट्याच्या एस.टी.त बसलो तरी कंडक्टर विचारायचा, "काय मास्तर, म्हातारी बरी हाय का?" मीही सांगलीत चहाच्या टेबलावर हा किस्सा रंगवून रंगवून सांगायला लागलो. वसंताचा आवाज काढायचो, म्हातारीचं रडणं काढून दाखवायचो. लोक लोळायचे.

सुगी सरत आली होती. एका दुपारी तो किस्सा ऐन रंगात आला असताना कॉलेजातल्या आमच्या खोलीच्या दारात दादू उभा राहिला.

"मास्तर, म्हातारी गेली वो."

सगळे फुटलेच! मला तर ठसका लागला. म्हटलं, "दादू, आधी घरी जाऊन बघ जा!"

दादूनं डोक्यावरची टोपी काढली. डोकं सफाचट होतं.

"हनमानंबी माज्या तारंवर त्येच कळवलंय, मास्तर. तारेनं."