मधली चार घरं

"खापरे साहब नहीं रहे," दुबेजी फोनवर एवढंच बोलले. ही बातमी त्यांनीच का द्यावी, असं मला तेव्हाही वाटलं.

टी. टी. नगरच्या एका वाचनालयात आम्ही निवृत्त मंडळी रविवारी बुद्धिबळ खेळतो. नोकरीनिमित्त नागपूरहून इथं हिंदी मुलखात आलेले अण्णा खापरे काळी मोहरी घेत आणि पटाची मधली चार घरं समोरच्याला बिनतक्रार देत. "घेऊ दे. घेतलेली जागा राखावी लागते," म्हणत. कडेची प्यादी एकेक घर सरकवून उंटांना तिरक्या वाटा करत. मग उठून व्हरांड्यात जात, परत येत आणि उंटापुढचं प्यादं ढकलून समोरच्याची मधली फळी मोडत.

हे उठणं आमच्यातल्या दुबेजींना खटकलं. एकदा ते मागोमाग गेले. "बाहर किसी से बात कर रहे थे. मोबाइल पे कोई चाल बताता है," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही.

अण्णांनी फोन त्यांच्या हातात दिला, खिसे उलटे केले. "आज उठत नाही. लावा डाव."

दुबेजींना नेहमीसारखी मधली घरं दिली. प्यादं ढकलायची वेळ आली तेव्हा दोनदा दाराकडे पाहिलं... ढकललं नाही. हरले. "देखा?" दुबेजी म्हणाले. अण्णा पुन्हा आले नाहीत.

दुबेजींचा तो फोन आल्यावर मी अशोका गार्डनला त्यांच्या घरी गेलो. खिडकीशी पट मांडलेला होता. तोच डाव, ते प्यादं ढकलायच्या आधीचा. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. फोनवर बुद्धिबळ होतं का, मी विचारलंच.

"होतं की. रोज हरायचे त्याच्याशी. फोन बोलत नाही, म्हणायचे."

"म्हणजे?"

"मी पोळ्या करायची, हे तिथून ओरडायचे. पांढऱ्याचं प्यादं कोण राखतंय, घोडा कुठं अडकला. मला काय कळतंय त्यातलं! पण बोलल्याशिवाय त्यांना डाव दिसायचाच नाही."

एका बाजूचं ऐकून भागत नाही. मी तिथूनच दुबेजींना फोन लावला. व्हरांड्यात आवाज किती होते?

"एक ही था," ते म्हणाले. मग लगेच, "पर भाईसाहब, फोन पे भी तो एक ही सुनाई देता है."

या आणि पट बघा, मी म्हटलं. ते आले. पांढऱ्या मोहऱ्यांकडच्या खुर्चीत बसले. उंटापुढच्या त्या काळ्या प्याद्यापर्यंत बोट नेलं, मागे घेतलं.

"भाऊ, कोणाची चाल आहे?" वहिनींनी आतून विचारलं. "जरा मोठ्यानं सांगा. इथं ऐकू येत नाही."

दुबेजींनी घसा साफ केला.

"काले की, भाभीजी."